खोल समुद्रांतील शतायुषी मासा

न्यूझीलंडच्या किनाऱ्यापासून दूर, पाण्याखालीं सुमारें हजार मीटरांवर, दिवस आणि रात्र हा भेद उरत नाहीं. त्या थंड काळोखांत विटेसारख्या तांबड्या रंगाचा एक मासा राहतो. नवल असें कीं, त्याचा हा रंग तेथें कोणासही दिसत नाहीं. तांबडा प्रकाश समुद्राच्या वरच्या थरांतच शोषला जातो, आणि खालीं मासा काळाच भासतो. बाजारांत त्यास 'ऑरेंज रफी' म्हणतात. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ कोलेट यांनीं १८८९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें, तें अटलांटिक महासागरांतील माशावरून. पुढें तो नामिबिया, ऑस्ट्रेलिया आणि चिली येथील समुद्रांतही आढळला.

प्रदेश एवढा विस्तीर्ण असला, तरी मासा सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. समुद्रांत बुडालेल्या पर्वतांवर प्रवाह आदळतात व कोळंबी, माकूळ, लहान मासे असें भक्ष्य आणून देतात. तेथें त्याचे थवे जमतात. हिवाळ्यांत अंडीं घालण्यासाठीं तर दाटी होते. हीच दाटी त्याच्या मुळावर आली. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडकडील जहाजांना ह्या जागा सांपडल्या, आणि एका ओढींत टनांनीं मासा वर येऊं लागला.

किती मासा धरावा, हें तो किती लवकर वाढतो यावर ठरतें. माशाच्या कानांत चुन्याचा एक खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडाप्रमाणें वलयें उमटतात. अखंड खड्यावरून मोजतां वय थोडकेंच निघे. खडा कापून पातळ चकती पाहिली, तेव्हां कडेशीं दाटलेलीं वलयें दिसलीं. त्यांतील रेडियमपासून बनलेल्या शिशाचें प्रमाण ऑस्ट्रेलियांत मोजलें गेलें, व १९९१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वीतभरापेक्षां मोठा हा मासा शंभरी ओलांडतो! त्यास अंडीं घालण्याचें वय येण्यास सुमारें ३० वर्षें लागतात. जेवणाच्या ताटांतील तुकडा जेवणाऱ्याच्या आजोबांच्या वयाचा असूं शकतो.

हें कळेपर्यंत कित्येक थवे ओसरले होते. ऑस्ट्रेलियानें २००६ सालीं त्यास संरक्षणाच्या यादींत घातलें. न्यूझीलंडनें पश्चिमेकडील चॅलेंजर पठारावरील मासेमारी २००० सालीं बंद केली आणि २०१० सालीं मर्यादित प्रमाणांत पुन्हां खुली केली. बंदीच्या वर्षीं जन्मलेलीं पिलें तेव्हां अवघीं १० वर्षांचीं होतीं.