टीएसएचचा आकडा आणि गोळीची मात्रा



तपासणीच्या कागदावर टीएसएच वाढलेला दिसला की थायरॉइड ग्रंथी जास्त काम करते आहे, असे आपण समजतो. प्रकार बहुधा उलटा असतो. टीएसएच हा गळ्यातल्या या ग्रंथीचा रस नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी तो सोडते. ती ऊसतोडीचा मुकादमच म्हणा ना! टोळी ढिली पडली की त्याचा आवाज चढतो. म्हणून गोळी चालू असताना आकडा 4 वरून 9 वर गेला, तर डॉक्टर आधी विचारतात, गोळ्या चुकल्या का? चुकल्या नसतील, तर मात्रा वाढवतात.

मग आम्हांला घाई! मात्रा 50 ची 75 मायक्रोग्रॅम झाली की आठवड्यातच पुन्हा रक्त द्यायचे. अहो, रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात. मुकादम शांत व्हायला 6 ते 8 आठवडे हवेत. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासाने, लोहाची वा कॅल्शियमची गोळी 4 तासांनी.

फक्त गोळी चालू असलेल्या गर्भवतीने थांबू नये. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे. तिची गरज वाढते, आणि पहिले काही महिने बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतो.