पाठीचा कणा आणि मदतीचा हात



आजच्या भाषणाचा विषय आपल्या पाठीचा कणा हा आहे. मी डॉक्टर नव्हे. शाळेंत मुलांना शरीरशास्त्राचे धडे शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहें. तेव्हां औषधोपचार सांगण्याचा माझा अधिकार नाहीं आणि तसा हेतुही नाहीं. परंतु एखादा मनुष्य झाडावरून, माळवदावरून किंवा मोटारसायकलवरून पडला, तर त्याच्याजवळ जो प्रथम धांवून जातो तो बहुधा डॉक्टर नसतो. तुमच्याआमच्यासारखाच कोणीतरी असतो. त्या पहिल्या कांहीं मिनिटांत काय करावें आणि काय करूं नये, हें कण्याची रचना समजली म्हणजे सहज ध्यानांत येतें. म्हणून आधीं रचना पाहूं.

प्रौढ मनुष्याच्या शरीरांत २०६ हाडें असतात. त्यांपैकीं कणा हा एकसंध दांडा नव्हे. मूल जन्मतें तेव्हां त्यांत साधारणतः ३३ मणके असतात : मानेंत ७, छातीच्या मागें १२, कमरेंत ५, त्याखालीं त्रिकास्थीचे ५ आणि अगदीं टोंकाला माकडहाडाचे ४. शेवटचे नऊ मणके वयोमानानें जुळून त्यांचीं दोनच हाडें होतात. म्हणून प्रौढाच्या कण्यांत २६ हाडें मोजतां येतात. मानेच्या मणक्यांची संख्या मोठी मौजेची आहे. माणसाच्या मानेंत सात, उंदराच्या मानेंत सात, आणि जिराफाच्या त्या लांबलचक मानेंतही सातच!

मणक्यामणक्यांच्या मध्यें कूर्चेच्या लवचिक चकत्या बसविलेल्या आहेत. त्यांच्यामुळें आपणांस वांकतां येतें आणि चालतांना बसणारे हादरे डोक्यापर्यंत पोंचत नाहींत. दिवसभराच्या भारानें या चकत्या दबतात. म्हणून रात्रीं आपली उंची सकाळच्यापेक्षां किंचित् कमी भरते. मणक्यांना एकत्र बांधण्यासाठीं बळकट बंध आहेत, आणि त्यांना ताठ धरण्यासाठीं दोहों बाजूंस स्नायूंचे पट्टे आहेत. तंबूचा खांब जसा चोहोंकडून ताणलेल्या दोऱ्यांवर उभा असतो, तसा कणा या स्नायूंवर उभा असतो.

परंतु कणा केवळ शरीर तोलण्यासाठीं नाहीं. वर्गांत मी मुलांना शिंप्याकडचीं रिकामीं रिळें आणावयास सांगत असें. तीं एकावर एक रचलीं कीं भोकाशीं भोक जुळून आंत एक नळी तयार होते. त्या नळींतून सुतळी ओंवली म्हणजे कण्याचा नमुना झाला. मणक्यांच्या मागील बाजूस अशींच भोकें असतात, आणि सुतळीच्या जागीं असतो मज्जारज्जु. तो मेंदूपासून निघून कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशीं संपतो. त्याची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर असून जाडी करंगळीहून अधिक नसते. त्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघून त्यांच्या शाखा हातापायांच्या बोटांपर्यंत पसरलेल्या आहेत.

या तंतूंचें काम दुहेरी आहे. स्पर्श, वेदना, थंडी, ऊन यांची वर्दी खालून वर जाते आणि हालचालीचा हुकूम वरून खालीं येतो. हुकूम आला कीं स्नायु आखडतो आणि हाडास ओढतो. स्नायूला ओढतां येतें, ढकलतां येत नाहीं. म्हणून कोपर वांकविण्यास दंडाच्या पुढचा स्नायु आणि सरळ करण्यास मागचा, अशी निसर्गानें जोडी योजिली आहे. कांहीं निरोप तर सेकंदाला शंभर मीटर इतक्या वेगानें धांवतात. तापल्या तव्याला हात लागला तर चटका जाणवण्यापूर्वींच हात मागें येतो. कारण मेंदूची वाट न पाहतां मज्जारज्जूच तो हुकूम सोडतो.

आतां ही सुतळी तुटली तर काय होईल? जेथें इजा होते, तिच्या खालचें दळणवळण बंद पडतें. छातीच्या किंवा कमरेच्या वरच्या भागांत इजा झाली तर पाय लुळे पडतात आणि मलमूत्रावरचा ताबा जातो. मानेंत झाली तर हातही जातात. श्वासपटल हलविणारे तंतु मानेच्या तिसऱ्या ते पांचव्या खंडांतून निघतात. त्यांच्याही वर इजा झाली तर श्वास बंद पडतो. मोडलेलें हाड जुळून येतें. हातापायांतील तुटलेला मज्जातंतु, परिस्थिति अनुकूल असल्यास, दिवसाला सुमारें एक मिलिमीटर या मंद गतीनें पुन्हां वाढूं शकतो. परंतु तुटलेला मज्जारज्जु जोडण्याची विद्या अद्याप माणसाच्या हातीं आलेली नाहीं.

येथें एक गोष्ट मनावर ठसवून घेतली पाहिजे. मणका मोडला म्हणजे मज्जारज्जु तुटलाच असें नाहीं. रीळ फुटलें, पण सुतळी शाबूत आहे, अशी स्थिति असूं शकते. अशा वेळीं मोडलेला मणका जागचा सरकला तर ती शाबूत सुतळीही चिरडली जाईल. तो सरकेल कीं नाहीं, हें उचलणाऱ्याच्या हातांवर अवलंबून असतें.

आपल्या भागास हें संकट परकें नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यांतील औसा आणि आपल्या जिल्ह्यांतील उमरगा या तालुक्यांत गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार निजलेल्या माणसांवर कोसळला. सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. ढिगाऱ्यांतून माणसें काढावयास प्रथम धांवले ते शेजारीपाजारीच. भूकंप पिढींतून एखादे वेळीं येतो. परंतु पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा असा हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ अहोरात्र वाहत असतो.

अपघात झाला कीं लोक कळवळ्यानें धांवतात. एक जण बगलेंत हात घालतो, दुसरा पाय धरतो, मध्यें पाठ झोळीसारखी लोंबते, आणि जखमी माणसाला जीपमध्यें नाहीं तर रिक्षांत वांकवून बसवितात. हेतु चांगला, पण रीत घातक! त्याऐवजीं काय करावें तें सांगतों.

मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, पाय हलत नसतील, किंवा मनुष्य बेशुद्ध असेल, तर कण्यास इजा झाली आहे असेंच धरून चालावें. त्याला उठवूं नये, बसवूं नये, पाणी पाजूं नये. एकानें डोक्यापाशीं गुडघे टेंकून डोकें दोन्ही हातांनीं आहे तसेंच स्थिर धरावें. दुसऱ्यानें १०८ क्रमांकावर दूरध्वनि करावा. ही रुग्णवाहिकेची सेवा महाराष्ट्रांत २०१४ सालापासून चालू आहे. श्वास चालू आहे ना, इकडे सर्वांत आधीं लक्ष द्यावें. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानें दाबून धरावें. डोक्यावर शिरस्त्राण असेल आणि श्वास नीट चालत असेल, तर तें ओढून काढूं नये. वांती होऊं लागली तर डोकें, खांदे, कंबर व पाय एकाच वेळीं फिरवून, लांकडाचा ओंडका वळवावा तसें, त्याला कुशीवर वळवावें. आग, पाणी किंवा कोसळती भिंत यांचें भय असेल तरच त्याला हलवावें, आणि तेंही डोकें व धड एका रेषेंत ठेवून सरळ ओढावें. गाडी येणारच नसेल तर चारपांच जणांनीं मिळून, एकाच्या इशाऱ्यावर, दाराच्या सपाट फळीवर घ्यावें. बाज किंवा घोंगडीची झोळी वापरूं नये. ती मध्यें खचते आणि कणा वांकतो.

पोलिसांच्या चौकशीच्या भयानें कित्येक लोक दूर उभे राहतात. तें भय आतां ठेवण्याचें कारण नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०१६ मध्यें अशा मदतगारांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत तसें कलमही आलें. मदत करणाऱ्यानें स्वतःचें नांव सांगावेंच अशी सक्ति त्याच्यावर करतां येत नाहीं.

ज्यांचा मज्जारज्जु दुखावलाच आहे, त्यांच्याविषयीं दोन शब्द. पूर्वीं असे रोगी बिछान्यांतील जखमांनीं आणि मूत्रमार्गाच्या विकारांनीं लवकरच दगावत. इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल येथें १९४४ सालीं डॉक्टर लुडविग गुटमन यांनीं, रोग्याला दर दोन तासांनीं कूस बदलून देणें आणि खेळांतून स्नायूंस बळ आणणें, असा क्रम घातला. १९४८ सालीं त्यांनीं भरविलेल्या सामन्यांतूनच आजच्या पॅरालिंपिक स्पर्धा वाढल्या. आपल्या सांगली जिल्ह्यांतील सैनिक मुरलीकांत पेटकर यांस १९६५ च्या युद्धांत कण्यांत गोळी लागली. त्यांनींच १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली. तेव्हां पाय गेले म्हणजे मनुष्य संपला असें समजून त्याला कोपऱ्यांत टाकणें हें अज्ञानही आहे आणि अन्यायही.

शिक्षकबंधूंस व भगिनींस माझी एकच विनंति आहे. वर्षांतून एक दिवस शाळेच्या पटांगणांत एक फळी आणावी, एका मुलाला निजवावें, आणि बाकीच्यांकडून त्याचें डोकें धरण्याचा, वळविण्याचा व उचलण्याचा सराव करून घ्यावा. पुस्तकांतील मणक्यांची संख्या मुलें परीक्षेनंतर विसरतील, त्याची खंत नाहीं; हातांना लागलेली ही संवय मात्र त्यांना जन्मभर उपयोगी पडेल.