पेढीचे नाव आणि भावांचा वाटा



व्यापारी घराण्यांना ‘पेढी’ हा शब्द नवा नाही. परंतु पेढी वकिलांचीही असते, आणि वाटणीचा कठीण प्रसंग कायदा कोळून प्यालेल्यांच्या घरीही येतो. मुंबईच्या अमरचंद मंगलदास या सॉलिसिटर पेढीचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

अमरचंद श्रॉफ यांनी १९१७ साली मुंबईत या कार्याचा पाया घातला. ते महात्मा गांधींच्या निकटचे होते, असे पेढीच्या परंपरेत आदराने सांगितले जाते. पुत्र सुरेश श्रॉफ यांनी हा वारसा पुढे चालविला. त्यांच्या दोन पुत्रांपैकी सिरिल यांनी मुंबई सांभाळली, तर शार्दूल यांनी दिल्लीत विस्तार केला. १९९१ च्या उदारीकरणानंतर परकीय भांडवल आले, कंपन्यांची विलीनीकरणे वाढली, आणि त्यांचे करारमदार करणाऱ्या वकिलांचे महत्त्वही वाढले. पूर्वी कंपनी कायद्यामुळे भागीदारीत वीसांहून अधिक भागीदार घेता येत नसत. मर्यादित दायित्व भागीदारीच्या २००८ च्या कायद्याने तो अडसर दूर केला. पेढीतील वकिलांची संख्या शेकड्यांत गेली. मालकीची सूत्रे मात्र घरातच राहिली.

मातुःश्री भारती श्रॉफ याही पेढीत भागीदार होत्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रान्वये त्यांचा वाटा शार्दूल यांच्याकडे जात होता. कौटुंबिक करारानुसार दोघा भावांचा वाटा समान असावा, ही सिरिल यांची भूमिका होती. २०१४ मध्ये हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला.

वारस म्हणजे भागीदार, असे अनेक जुन्या पेढ्यांतून आजही गृहीत धरले जाते. १९३२ चा भागीदारी कायदा तसे म्हणत नाही. वेगळा करार नसेल, तर कलम ४२ नुसार भागीदाराच्या मृत्यूने भागीदारीच विसर्जित होते. वारसाचा हक्क उरतो तो हिशेबापुरता. वकिलांच्या बाबतीत तर बंधन अधिक कडक, कारण वकील नसलेल्या व्यक्तीशी मोबदल्याची वाटणी करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. शिवाय कलम १४ नुसार पेढीची ख्याती हीसुद्धा मालमत्ताच. जमीन मोजता येते, सोने तोलता येते. अशिलांचा विश्वास कोणत्या तागडीत घालावा?

निकालाची वाट न पाहता भावांनी २०१५ च्या आरंभी तडजोड केली, हे त्यांच्या व्यवहारी शहाणपणाचे लक्षण. मे महिन्यात दोन पेढ्या उभ्या राहिल्या. मुंबई व बेंगळुरू येथील कार्यालये सिरिल यांच्याकडे आली, दिल्ली शार्दूल यांच्याकडे. वर्षानुवर्षे एकत्र काम केलेल्या सहकाऱ्यांना कोणाबरोबर जायचे ते ठरवावे लागले. अशिलांचीही तीच गत. लवकरच एकाने दिल्लीत, तर दुसऱ्याने मुंबईत आपले कार्यालय उघडले. नावापुरते म्हणायचे तर एक सिरिल अमरचंद मंगलदास झाली, दुसरी शार्दूल अमरचंद मंगलदास. आजोबांचे नाव सोडण्यास कोणीच तयार नव्हते.