हप्ता, भाडे आणि गावाकडचे घर

(आरोंदा येथे ग्रामस्थांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तेरेखोलच्या काठावरील या गावात अर्थशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा प्रश्नच आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. पत्रकारितेत आयुष्य गेले. पैशाचा हिशेब मला पाठ्यपुस्तकांनी शिकवला नाही, बँकेच्या पासबुकाने शिकवला, आणि त्याची फी भरपूर घेतली. ती फी आपल्यापैकी काही जणांची वाचावी, एवढ्याच हेतूने आज उभा आहे.

आरंभ महाभारतापासून करतो. वनपर्वात यक्ष युधिष्ठिराला विचारतो, सुखी कोण? युधिष्ठिर उत्तर देतो, दिवस कलताना का होईना, जो आपल्या घरी भाजीपाला शिजवून खातो, ज्याच्यावर ऋण नाही आणि ज्याला परमुलखी राहावे लागत नाही, तो सुखी. म्हणजे सुखाच्या दोन अटी झाल्या, अऋणी आणि अप्रवासी. आता आपल्या गावातल्या पस्तिशीच्या तरुणाकडे पाहा. तो मुंबईला, पुण्याला किंवा किरणपाणीच्या पुलापलीकडे गोव्यात आहे, म्हणजे प्रवासी आहे. आणि त्याने सदनिका घेतली असेल, तर तो ऋणीही आहे. दोन्ही अटी मोडल्या. मग त्याने निदान कोणती अट मोडावी आणि किती मोडावी, एवढेच ठरवणे आपल्या हाती उरते. आजचा विषय तोच आहे.

खोलीचे दिवस

आपल्या आधीच्या दोन पिढ्यांपुढे हा प्रश्न नव्हता. कोकणातला माणूस गिरणीत लागला की गावकीच्या खोलीत वळकटी टाकी. एकाची पाळी संपली की त्याच्या जागेवर दुसरा निजे. जेवण खाणावळीत. पगारातून उरेल ते मनीऑर्डरीने गावी. पुढे ज्याला चाळीत स्वतंत्र खोली मिळाली, तो भाग्यवान. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. भाडेकरूला त्यामुळे मोठा आधार मिळाला, हे खरे. परंतु मालकाला दुरुस्ती परवडेना, नवी भाड्याची घरे बांधणे कोणाला परवडेना, आणि खोली हवी तर भाडे नाममात्र पण पागडी जबर, अशी उलटी रीत पडली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने या गोठवलेल्या भाड्यांच्या तरतुदींवर कठोर शब्दांत बोट ठेवले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

माझे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि तो कधी संपलाच नाही. त्या काळात कित्येक कुटुंबे कोकणात परतली. त्यांना कोणी तारले? गावातल्या चिऱ्याच्या भिंतींनी आणि नळ्याच्या छपराने. त्या घरावर कोणाचा हप्ता नव्हता. आमच्या आईचे एक वाक्य होते, ‘भाड्याच्या घराक खिळो मारूचो झालो तरी मालकाक इचारूक लागता.’ स्वतःच्या घराची ओढ आपल्या रक्तात कुठून आली, ते या वाक्यात आहे. परंतु ओढ आणि हिशेब या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कर्जाचे युग

मध्यमवर्गीयाला घरासाठी कर्ज मिळू शकते, ही कल्पनाच आपल्याकडे तशी नवी. पूर्वी माणूस निवृत्त झाला, भविष्यनिर्वाह निधी हाती आला की घर बांधी. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसीची स्थापना केली. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली. नव्वदीनंतर सरकारी बँकाही या क्षेत्रात उतरल्या आणि निवृत्तीला मिळणारे घर तिशीतच मिळू लागले. हे वरदानच होते. फक्त त्या वरदानाची किंमत निवृत्तीपर्यंत फेडायची असते, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असे.

मी स्वतः २००४ साली सहा लाखांचे कर्ज काढले. व्याज साडेसात टक्के, तरते. मुदत पंधरा वर्षे, हप्ता साडेपाच हजारांच्या थोडा वर. चार वर्षांत दर साडेअकरावर गेला. हप्ता मात्र तेवढाच राहिला, म्हणून मी निश्चिंत होतो. एके दिवशी विवरणपत्र मागवले आणि पायाखालची जमीन सरकली. चार वर्षे नेमाने हप्ते भरून माझी उरलेली मुदत सतरा वर्षांच्या वर गेली होती! वाढलेले व्याज बँकेने हप्त्यात न दाखवता वर्षांत दाखवले होते. यात फसवणूक नव्हती, करारात तसे लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते. रोज दुसऱ्यांचे लेखन तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या सहीचा कागद वाचू नये, याला काय म्हणावे?

आता परिस्थिती थोडी सुधारली आहे. दर वाढला तर हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावले. परंतु निवड मागितल्याशिवाय मिळत नाही. म्हणून वर्षातून एकदा विवरणपत्र मागवा आणि त्यातला ‘उर्वरित मुदत’ हा रकाना आधी वाचा.

प्रत्यक्ष हिशेब

समजा, डोंबिवली-बदलापूरच्या बाजूला पन्नास लाखांची सदनिका आहे आणि तशाच सदनिकेचे भाडे तेरा हजार आहे. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपण आपले घालावेत. एवढ्या किमतीच्या घरावर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४० लाख कर्ज देऊ शकते. १० लाख आपले. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून साडेतीन लाखांच्या आसपास, तेही आपल्याच खिशातून. म्हणजे साडेतेरा लाख रोख हवेत.

४० लाखांवर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते अवघे ६,३८० रुपये. दहा वर्षे, म्हणजे अर्धी मुदत, हप्ते भरल्यावरही सुमारे २८ लाखांचे मुद्दल शिल्लक असते. वीस वर्षांत एकूण भरणा ८३ लाखांहून अधिक.

आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, ‘भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा.’ मान्य. पण मग व्याज कुठे जाते? तेही पाण्यातच. म्हणून हप्त्याची तुलना भाड्याशी करू नये. जो पैसा परत येत नाही, त्याची तुलना जो पैसा परत येत नाही त्याच्याशी करावी. पहिल्या वर्षी घर घेणाऱ्याचे व्याज ३ लाख ३७ हजार, सोसायटीची देखभाल व घरपट्टी ३० हजार, आणि साडेतेरा लाख ठेवीत असते तर साडेसहा टक्क्यांनी मिळाले असते ते ८८ हजार. एकूण साडेचार लाखांच्या वर. भाडेकरूचे भाडे १ लाख ५६ हजार, दलाली, करारनोंदणी व अनामत रकमेवरचे बुडालेले व्याज धरून पावणेदोन लाखांच्या आत. फरक दोन लाख ऐंशी हजारांचा.

याचा अर्थ सरळ आहे. त्या वर्षी घराची किंमत साडेपाच टक्क्यांहून थोडी अधिक वाढली, तर घर घेणारा बरोबरीला आला. कमी वाढली, तर भाडेकरू शहाणा ठरला. जुन्या करपद्धतीने कर भरणाऱ्यास व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, त्याने हा फरक कमी होतो. नव्या पद्धतीत राहत्या घरावर ती वजावट नाही.

पण हे झाले पहिल्या वर्षाचे. भाडे दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढले, तर अकराव्या वर्षी ते २३ हजारांच्या पुढे जाते. तोवर कर्जाचे व्याज घटून महिन्याला वीस हजारांच्या आत आलेले असते. म्हणजे पारडे फिरते. तात्पर्य, ज्याला चार-पाच वर्षांत गाव बदलायचे आहे, त्याने भाड्याने राहावे. ज्याला दहा वर्षांहून अधिक एकाच जागी राहायचे आहे, त्याने घेण्याचा विचार करावा. मधल्या काळात नोकरीची शाश्वती पाहावी.

आकड्यांच्या पलीकडे

मात्र या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे. भाड्याने राहणारा जो फरक वाचवतो, म्हणजे महिन्याला वीस-बावीस हजार, तो खरोखर बाजूला ठेवतो, हे ते गृहीत. अनुभव वेगळा आहे. हप्ता सक्तीने कापला जातो, बचत मनाने करावी लागते, आणि मन गणपतीपासून शिमग्यापर्यंत सवलत मागत राहते. वीस वर्षांनी एकाच्या हाती घर असते आणि दुसऱ्याच्या हाती भाडेपावत्या, याचे कारण बहुधा गणित नसते, स्वभाव असतो. आपला स्वभाव प्रामाणिकपणे ओळखा. मगच निर्णय घ्या.

दुसरी गोष्ट भाडेकरूच्या अस्थैर्याची. अकरा महिन्यांनी घर बदलायचे, मुलांची शाळा बदलायची, म्हाताऱ्या आईला नव्या जिन्याची सवय लावायची, याची किंमत कोणत्या रकान्यात मांडणार? निदान करार लेखी आणि नोंदणीकृत असू द्या. तो अकरा महिन्यांचा असला तरी १९९९ च्या कायद्याने महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

तिसरी गोष्ट हप्त्याची. हप्ता आजारपण ओळखत नाही, मृत्यूही ओळखत नाही. २०२० च्या महामारीत मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळाली. अनेकांना ती माफी वाटली. व्याज चालूच होते. म्हणून तीन पथ्ये सांगतो. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय कर्ज घेऊ नका. कर्जाएवढा मुदत विमा उतरवा, म्हणजे कर्त्या माणसामागे घरच्यांवर घर विकण्याची पाळी येणार नाही. आणि दरवर्षी एक हप्ता जादा भरा. वरच्या उदाहरणातले कर्ज तेवढ्यानेच तीन वर्षांहून अधिक आधी फिटते. तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना लावता येत नाही.

तिसरे घर

बंधुभगिनींनो, शहरातल्या माणसापुढे दोन पर्याय असतात, भाडे की हप्ता. कोकणी माणसाकडे तिसरे घर असते आणि हिशेबात तो ते धरतच नाही. गणपतीत दहा दिवस उघडणारे, एरवी कुलूप लावलेले गावचे घर.

त्या घराचीही एक घरपट्टी आहे, दर पावसाळ्यापूर्वी नळे परतण्याचा खर्च आहे, वाळवी आहे. आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली सतरा वारसांची नावे आहेत. एवढ्या नावांच्या घरावर बँक दुरुस्तीलाही सहजी कर्ज देत नाही. शहरातल्या चारशे फुटांसाठी आपण वीस वर्षे गहाण टाकतो आणि इथल्या वडिलोपार्जित वास्तूचे हिस्सेवाटप करायला वीस दिवस काढत नाही. भावाभावांत बोलणे अवघड जाते म्हणून कागद तसाच राहतो. मग एके दिवशी वासा मोडतो आणि दुरुस्ती कोणी करायची, यावर अबोला धरला जातो. आपल्या आसपास अशी घरे किती, हे मी सांगायला नको.

माझी विनंती एवढीच आहे. येत्या गणपतीला सगळे जमाल, तेव्हा आरती झाल्यावर तासभर सातबारा समोर ठेवून बसा. नावे लावा, वाटप करा, किंवा एकत्र ठेवायचे तर दुरुस्तीचा निधी ठरवा. ज्याच्यामागे राहते घर पक्के आहे, तो शहरात निर्धास्त भाड्याने राहू शकतो. निवृत्तीनंतर कुठे जायचे, या भीतीपोटी त्याला न पेलणारे कर्ज काढावे लागत नाही. आणि गोव्यात नोकरी करणाऱ्या इथल्या मुलांना तर मी आवर्जून सांगेन. रोज येऊन-जाऊन काम होत असेल, तर पलीकडे सदनिका घेण्याआधी इथले छप्पर शाकारून पाहा.

१९८२ साली ज्या घराने आमच्यासारख्यांना आसरा दिला, ते कोणीतरी आपल्या माघारी नीट राखले होते, म्हणूनच दिला. आपल्या मुलांवर तशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर त्यांना उघडता येईल असे एक दार असावे, आणि त्या दाराच्या किल्लीवरून भांडण नसावे.

अऋणी आणि अप्रवासी, या दोन्ही अटी आज आपल्याला पाळता येणार नाहीत. कर्ज पेलेल एवढेच घ्यावे आणि परतीची वाट मोकळी ठेवावी, एवढे मात्र आपल्या हातात आहे.