केकताड, काजू आणि हातभट्टी



संयोजकांनी मला सांगितलं, 'कॉम्प्युटर सोडून कशावरही बोल.' मी दारूवर बोलणार आहे. सरांनी लगेच चष्मा काढू नये. विषय पिण्याचा नाही, बनवण्याचा आहे, आणि 'ऊर्ध्वपातन' हा शब्द मला याच शाळेने शिकवला.

आपल्या पारनेर-श्रीगोंद्याच्या माळरानावर बांधाला केकताड असतं. कोणी त्याला घायपात म्हणतं. काटेरी पातींमुळे गुरं शेतात शिरत नाहीत. पातींचा वाख काढून त्याचे कासरे आणि दावी वळतात. कित्येक वर्षांनी मधून उंच दांडा येतो, फुलतो आणि झाड मरून जातं.

हे झाड मूळचं मेक्सिकोचं. तिथे याच कुळातल्या झाडांपासून मेझकाल नावाची दारू गाळतात. टकीला हा तिचाच एक प्रकार. त्या दांड्यासाठी झाड वर्षानुवर्षं गाभ्यात अन्न साठवतं. दांडा फुलू न देता, सात-आठ किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड तोडतात. पाती छाटल्या की अननसासारखा दिसणारा जड गड्डा उरतो. असे गड्डे तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात, वरून माती लोटून, काही दिवस भाजतात. त्यामुळे गाभ्यातल्या पदार्थांची साखर होते आणि धुराचा वासही तिथूनच येतो. मग घोड्याने किंवा खेचराने ओढायच्या दगडी चाकाखाली ठेचायचं, लाकडी पिंपात आंबवायचं आणि तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यात दोनदा गाळायचं. दारू किती कडक झाली हे जुने कारागीर तिच्यावरच्या बुडबुड्यांवरून ओळखतात. यात एक पेचही आहे. फुलण्याआधी झाड तोडलं, तर बी कुठून येणार? म्हणून जाणता कारागीर काही झाडं फुलायला राखून ठेवतो.

आपण केकताडाचे दोर वळले, दारू गाळली नाही. पण अशी हाताने गाळलेली दारू पाहायला मेक्सिकोला जायला नको, गोव्याला गेलं तरी पुरे. काजूही पोर्तुगिजांबरोबर अमेरिका खंडातूनच आला. उन्हाळ्यात पिकून आपोआप गळून पडलेली बोंडं गोळा करायची, बी वेगळी काढायची, बोंडं कोळंबीत, म्हणजे दगडी हौदात, पायांनी तुडवायची. रस दोन-तीन दिवस आपसूक आंबतो, खमीर घालावं लागत नाही. मग तो भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, तापवायचा. पहिल्या धारेचा सौम्य हुर्राक. त्यात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळला की फेणी. हे नाव फेसावरून आलं असं सांगतात. 2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. मेझकालला तसं संरक्षण 1994 मध्येच मिळालं होतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. गोव्यात 'भट्टी' म्हटलं की घरचा हंगामी धंदा आठवतो. आपल्याकडे 'हातभट्टी' म्हटलं की काळा गूळ, नवसागर, पोलिसांची धाड आणि एखाद्या घरातली रोजची मारहाण आठवते. याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीने दारू बंद करून दाखवली, काही गावांत बायकांनी मतदानातून बाटली आडवी केली. आणि याच जिल्ह्यात 2017 साली पांगरमलला निवडणुकीच्या पार्टीतल्या विषारी दारूने माणसं मेली.

मग फरक कशात आहे? भांडं तेच, विस्तव तोच. पाणी 100 अंशांना उकळतं, इथेनॉल 78 ला, हे गोव्यातही खरं आणि नगरलाही. विषारी दारूच्या मोठ्या घटनांत बहुतेक वेळा गाळणाऱ्याचा हात चुकलेला नसतो. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल कोणीतरी स्वस्त पडतं म्हणून बाहेरून मिसळलेलं असतं. पिणाऱ्याला ती बाटली कोणाच्या हातातून आली, कशापासून झाली, काहीच ठाऊक नसतं. फेणीवाल्याकडे परवाना असतो, गावाला त्याची भट्टी माहीत असते. त्याचा माल बिघडला तर लोक त्याच्या दारात उभे राहतात.

माझ्या कामातही हेच आहे. प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद राहते, म्हणून चूक सापडते. नोंद नसलेला कोड आम्ही कामाला लावत नाही. दारूबाबत मात्र आपण कित्येक वर्षं 'हातभट्टी' या एकाच शब्दात कारागीर आणि विष कालवणारा अशा दोघांनाही कोंबलं आहे. अकोल्याच्या डोंगरात मोह फुलतो. त्याची फुलं वेचणाऱ्या आदिवासी कुटुंबांची विद्याही त्याच शब्दाखाली गुन्हा ठरून बसली.

या बायकांच्या विरोधात मी उभी नाही. ज्या घरात दारूने चूल विझते, तिथे बाटली आडवीच व्हायला हवी. पण दारू बंद करायची असो की परवाना द्यायचा असो, ती कोणी, कशापासून आणि कशी केली हे आधी माहीत हवं. विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला प्रयोगवहीत पहिल्यांदा 'साहित्य' लिहायला लावलं, मग 'कृती', आणि शेवटी 'निष्कर्ष'. आपण मोठी माणसं पुष्कळदा थेट निष्कर्षच लिहून मोकळी होतो.

बाई, ती सवय लावल्याबद्दल तुमचे आणि सगळ्या गुरुजनांचे मनापासून आभार. आता जेवायला चला. पेय म्हणून मठ्ठा आहे, आणि तो कोणी केलाय हे मला माहीत आहे.