रिकाम्या रस्त्यांचे पॅरिस

युजेन आत्जे (१८५७–१९२७) यांनी सुमारे तीन दशके पॅरिसची छायाचित्रे घेतली. मात्र त्या कामाला त्यांनी कधी कला म्हटले नाही. खलाशी आणि फिरत्या नाटकमंडळ्यांतील दुय्यम नट असे उद्योग करून ते या व्यवसायात आले. ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशी पाटी त्यांनी लावली होती, आणि चित्रकार, ग्रंथालये व संग्रहालये हे त्यांचे गिऱ्हाईक होते. एकोणिसाव्या शतकात ओस्मान या प्रशासकाने रुंद हमरस्त्यांसाठी जुन्या वस्त्या पाडल्या होत्या. जे उरले होते त्याची नोंद हवी असणाऱ्यांमुळे आत्जे यांचा चरितार्थ चालला. १९२० साली त्यांनी २,६२१ काचा, म्हणजे मूळ उलटी चित्रे, १०,००० फ्रँकला सरकारला विकल्या.

त्यांच्या चित्रांतले रस्ते बहुधा ओस असतात, आणि या निर्मनुष्यतेत अनेक समीक्षकांना गूढ उदासी दिसली. तिच्यामागचे एक कारण मात्र अगदी साधे आहे. लाकडी भात्याचा कॅमेरा, तिपाई आणि १८ × २४ सेंटिमीटरच्या काचा वाहून नेणाऱ्या या माणसाची साधने मंद होती. उद्भासनकाल, म्हणजे काच प्रकाशाला उघडी ठेवण्याचा वेळ, लांबला की चालणारा माणूस धुरकट पट्टा होऊन उरतो किंवा पुरता नाहीसा होतो. शिवाय ते पुष्कळदा भल्या पहाटेच काम करीत. म्हणूनच या चित्रांतला लोकव्यवहार चेहऱ्यांपेक्षा वस्तूंत सापडतो: दुकानाबाहेर टांगलेल्या कंचुक्या, दार ठोठावण्याच्या कड्या, भाजीच्या टोपल्या, भंगारवेच्यांच्या झोपड्या. दिव्यांच्या छत्र्या विकणारा किंवा पेटीवादक यांसारखे फिरस्ते दिसतात तेही बहुधा कॅमेऱ्यासमोर थांबवलेले. या तांत्रिक मर्यादेनेच त्यांच्या नोंदीला खोली दिली, असे म्हणणे धाडसाचे वाटले तरी चुकीचे नाही.

अपवाद १७ एप्रिल १९१२ चा. बास्तीयच्या चौकात सूर्यग्रहण पाहणारी गर्दी डोळ्यांपुढे काळी काच धरून, माना वर करून उभी होती, आणि सगळेच स्थिर असल्यामुळे तेवढ्यापुरती ती मंद काचेलाही सापडली. शेजारी राहणाऱ्या छायाचित्रकार मॅन रे यांच्यामार्फत हे चित्र १९२६ साली अतिवास्तववाद्यांच्या, म्हणजे स्वप्न व नेणीव यांना प्रमाण मानणाऱ्या कलावंतांच्या, मासिकाच्या मुखपृष्ठावर आले. आपले नाव छापू नये, ही केवळ दस्तऐवजे आहेत, असे आत्जे यांनी कळवले होते. त्याप्रमाणे ते नावाविना छापले गेले.