धुळीचे पंचांग

तारा तुटला असे आपण म्हणतो; पण तुटतो तो तारा नव्हे. धूमकेतू सूर्याजवळून जाताना धूळ मागे टाकतो. पृथ्वी त्या धुळीतून गेली की कण हवेत पेटतात. त्या उल्का.

नोव्हेंबरात सिंह राशीतून येताना दिसणाऱ्या उल्का टेम्पल-टटल या धूमकेतूच्या. तो सुमारे ३३ वर्षांनी परततो. १८३३ आणि १८६६ साली उल्का पावसासारख्या पडल्या, म्हणून १८९९ सालीही पडतील असे जाहीर झाले. लोक जागले, पाऊस आलाच नाही. गुरू आणि शनी यांच्या ओढीने धुळीची वाट सरकली होती.

पुढे हिशेब बारकाईने होऊ लागला. धूमकेतू प्रत्येक फेरीत धुळीचा वेगळा, अरुंद पट्टा सोडतो. त्यावर सूर्यप्रकाशाचा रेटा किती, ग्रहांची ओढ किती, हे मोजले की पृथ्वी कोणत्या पट्ट्यातून कधी जाईल ते कळते. रॉबर्ट मॅकनॉट आणि डेव्हिड ॲशर यांनी १८ नोव्हेंबर १९९९ साठी थेट मिनिट सांगितले: आपल्या घड्याळात सकाळी ७ वाजून ३८ मिनिटे. उल्कांचा भर काही मिनिटांच्या फरकाने आला. आपल्याकडे उजाडले होते. युरोप आणि पश्चिम आशियाने तो पाहिला.

२००१ साली त्यांच्या गणिताने दिलेली एक वेळ आपल्या रात्रीची होती, १८ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमाराची. रमजान नुकताच लागला होता. सहेरीसाठी उठायचेच, म्हणून मी झोपलोच नाही. गुलमंडीतल्या गच्चीवरून, बाजाराचे दिवे असूनही, ठळक उल्का एकामागून एक दिसत होत्या. शेजारच्या गच्चीवरून काकांनी विचारले, "काय शायर, हे कोणत्या पंचांगात होतं?"

प्रश्न थट्टेचा होता, पण मोलाचा. 'यंदा काळ कठीण आहे' असे भविष्य कधी खोटे ठरत नाही. मिनिट सांगणारा माणूस मात्र स्वतःला तपासायला देतो. १८९९ साली खगोलशास्त्राचे हसे झाले. त्याच चुकीची कारणे शोधत गणित नेमके झाले. ईदचा चंद्र किती वाजता मावळेल हे आधी कळते, तरी आम्ही गच्चीवर जाऊन पाहतोच. गणिताचा त्याने अपमान होत नाही.

धूमकेतू २०३१ साली पुन्हा सूर्याजवळ येईल. त्या फेरीत १९९९ किंवा २००१ सारखा पाऊस पडणार नाही, असे गणित सांगते. तेही आपल्याला त्या नोव्हेंबरांत वर बघून तपासता येईल.